अर्धा इंच वजा

मी टेप बोलतेय. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या गळ्यातली मोजायची टेप. एका अंगावर साठ इंच, दुसऱ्या अंगावर दीडशे सेंटिमीटर, आणि पुढचा अर्धा इंच गायब. तो कुठे गेला ते पुढे सांगते.

आत्ता मी माझ्या बाईच्या मुठीत आहे, गुंडाळलेली आणि तिच्या घामानं ओली झालेली. दवाखान्यातल्या लांब बाकावर आम्ही बसलोय. शेजारी तिचा नवरा. समोरच्या दारावर लाल आकडे बदलतायत. आमचा नंबर एकवीस, आत्ता सतरा चालू आहे. तेवढ्यात माझी गोष्ट सांगून होईल. पण आधीच सांगते, मला यातलं निम्मं अजून कळलेलं नाही. मी आकडे दाखवते, अर्थ लावणं माझं काम नाही. आणि या सव्वा वर्षात तर आकड्यांनीच माझं डोकं फिरवलंय.

माझा जन्म कारखान्यातला. पिवळी पट्टी, तिच्यावर काळे आकडे, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या. तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात होते. जगात मोजता येणार नाही असं काही नसतंच, असं मला वाटायचं. मग बाईनं मला विकत घेतलं, गळ्यात टाकलं आणि एकोणीस वर्षं उतरवलं नाही. जेवतानासुद्धा मी तिथंच. एकदा आमटीतही बुडाले होते.

आमचं दुकान एकाच गाळ्यात दोन. पुढच्या अर्ध्यात नवरा घड्याळं दुरुस्त करतो, मागच्या अर्ध्यात पडद्याआड बाईचं मशीन. तो एका डोळ्याला भिंग लावून तासन् तास गप्प. ही दिवसभर बडबडी.

"अहो, तुम्ही आहात ना तिकडे? की घड्याळात शिरलात?"

"आहे."

"मग अधूनमधून खोकत तरी जा. मला वाटतं मी विधवा झाले."

असं त्यांचं चालायचं. गिऱ्हाईक हसायचं आणि कपडा घालून बघायला ताटकळत बसल्याचं विसरून जायचं.

आता त्या अर्ध्या इंचाचं. एकदा बाई कोट बेतत होती आणि कुणाची तरी नक्कल करून दाखवत होती. स्वतःच्याच विनोदाला इतकी हसली की कापडाबरोबर मलाही कात्री लागली. टोपीसकट माझा अर्धा इंच खाली पडला. दुसरी कुणी असती तर मला केराच्या डब्यात टाकून मोकळी झाली असती. हिनं माझ्या उघड्या पडलेल्या टोकाला लाल दोरा बांधला आणि म्हणाली, "जाऊ दे गं. येईल त्यातून अर्धा वजा करायचा, संपलं." तेव्हापासून मी अडतीस दाखवले की ती वहीत साडेसदतीस लिहिते. आता तिला आठवावंही लागत नाही, हातच वजा करतो. एकदा शेजारच्या शिंप्यानं मला उसनं नेलं आणि एका माणसाची पँट अशी शिवली की ती कमरेवर थांबायलाच तयार नव्हती.

बाईची आणखी एक सवय. सकाळी मशीनवर बसली की चाकावर हात ठेवून डोळे मिटते आणि म्हणते, "कापड तुझं, शिलाई माझी. चुकलं तर उसवायची बुद्धी दे." कुणाशी बोलते? पडद्याआड तर आम्ही दोघीच असायचो. मी खूप शोधलं. ज्याचं माप मी कधी घेतलं नाही असा कुणीतरी तिथं असावा. यावर माझा गोंधळ तेव्हाही होता, आजही आहे.

मग तो दिवस आला. गिऱ्हाईकाचं माप घ्यायला तिनं मला गळ्यातून ओढलं आणि तिचा हात छातीच्या डाव्या बाजूला थांबला. बोटं परत तिथं गेली. परत गेली. गिऱ्हाईक म्हणालं, "काय झालं टेलरबाई?" ती म्हणाली, "काही नाही, टाचणी टोचली." त्या दिवशी तिच्या अंगावर एकही टाचणी नव्हती.

मला आजही खातं ते हेच. तिच्या बोटांच्या आधी मी तिथं होते. एकोणीस वर्षं रोज त्याच जागेवर लोंबत होते. मग मला कसं कळलं नाही? की माझ्याच घासण्यानं ते झालं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या की असं कशाच्या घासण्यानं होत नसतं. पण त्या हे बाईला सांगत होत्या. मला कोण सांगणार?

तपासण्या सुरू झाल्या. एका यंत्रात दोन पाट्यांमध्ये छाती दाबून फोटो काढला. बाहेर येऊन बाई नवऱ्याला म्हणाली, "इतकी कडक इस्त्री मी आजवर कुणाच्या कॉलरला केली नाही." सुई घालून तुकडा काढला, तेव्हा सिस्टरला म्हणाली, "सुईला मी भीत नाही हो. फक्त आजवर मी या बाजूला असायचे." सिस्टर हसली. नवरा हसला नाही. खिशातलं घड्याळ काढून त्याला चावी देत बसला, आणि त्या घड्याळाला चावी लागतच नव्हती.

कागद आला. कर्करोग. गाठ चार सेंटिमीटर. पुढे ग्रेड म्हणून एक आकडा, स्टेज म्हणून दुसरा, टक्क्यांमध्ये तिसराच. हे आकडे माझ्या अंगावर कुठे बसतात ते मी शोधत राहिले. बसेनात. चार सेंटिमीटर म्हणजे माझ्या लेखी शर्टाच्या बाहीची पट्टी. तेवढ्याशा गोष्टीनं एवढा मोठा माणूस भिंतीला टेकून खाली कसा बसला? हो, तो नवराच बसला. बाई उभी होती.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आधी औषधाचे डोस देऊ. दर तीन आठवड्यांनी एक. गाठ लहान झाली तर तेवढाच भाग काढू. नाही झाली तर पूर्ण स्तन काढावा लागेल. पण मधेच सोडायचं नाही."

"सोडते कशाला?" बाई म्हणाली. "हातात घेतलेला कपडा मी अर्धवट ठेवत नाही."

पहिल्या डोसनं तिला आडवं केलं. तोंडाला चव नाही, पायांत गोळे, पाण्याचासुद्धा वास यायचा. दुसऱ्याच्या आधी केस गेले. उरलेल्या अस्तरातून तिनं स्वतःसाठी टोपी शिवली आणि आरशात बघून म्हणाली, "उशीला खोळ घातलीय." सकाळी मात्र चाकावर हात ठेवायची. आवाज बारीक झाला होता, शब्द तेच.

दुसऱ्या डोसनंतर ती हसायची थांबली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा दुकानात शांतता झाली. आता पडद्यापलीकडून नवराच खोकायचा, आहे हे कळावं म्हणून. इकडून उत्तर यायचं नाही.

तिसऱ्या डोसच्या आदल्या दुपारी नवरा जेवणाचा डबा आणायला घरी गेला होता. बाईनं पडदा ओढला, आरशासमोर बसली. कापडावर खुणा करायचा खडू घेतला. गाठ चाचपून तिच्या या कडेला एक रेघ, त्या कडेला एक रेघ. मग मला घेतलं. दवाखान्यात सगळं सेंटिमीटरमध्ये, म्हणून तिनं मला उलटं केलं. एकोणीस वर्षांत माझी ती बाजू तिनं कधी वापरली नव्हती. मला अगदी लाजल्यासारखं झालं. लाल दोऱ्याचं टोक एका रेघेवर ठेवलं. दुसऱ्या रेघेवर माझा पाचाचा आकडा आला.

तिचा हात वजा करून मोकळा झाला. पाचातून अर्धा. साडेचार.

तिनं तीनदा मोजलं. तीनदा साडेचार. चार होती, साडेचार झाली. एवढे हाल काढून गाठ वाढली. ती रडली नाही. खडू पुसला, कपडे नीट केले, मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुला उसवताच येत नसेल तर तसं सांग ना." काहीतरी चुकत होतं हे मला जाणवत होतं. काय, ते कळत नव्हतं. आणि कळलं असतं तरी टेपला तोंड कुठे असतं?

नवरा डबा घेऊन आला. ती म्हणाली, "उद्या मी येणार नाही."

"कुठे?"

"दवाखान्यात. बास झालं. आता उगाच हाल नकोत."

तो डबा हातात घेऊन तसाच उभा राहिला. "अगं, पण डॉक्टर काही म्हणाल्या का?"

"त्या कशाला म्हणतील? मी मोजलंय. वाढलीय."

"कशानं मोजलंस?"

तिनं मला त्याच्या अंगावर फेकलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

त्यानं मला उचललं. पुढच्या भागात नेलं, दिवा लावला, डोळ्याला भिंग चढवलं. स्टीलची पट्टी माझ्या शेजारी ठेवली. इतक्या जवळून मला कुणी कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ झाला. मग तो त्याच्या नेहमीच्या बारक्या आवाजात म्हणाला, "इकडे ये जरा."

"मला नाही यायचं."

"ये म्हणतो ना!" तो ओरडला. तो ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. तिलाही नसावं, कारण ती मुकाट्यानं आली.

"हे बघ. हिचं शून्य कुठाय? तू कापलंस. किती कापलंस?"

"अर्धा. म्हणून तर अर्धा वजा केला."

"अर्धा इंच. ही बाजू कसली? सेंटिमीटरची. अर्धा इंच म्हणजे सव्वा सेंटिमीटर. हे बघ, या बाजूला हिची सुरुवातच सव्वापासून होते. वजा सव्वा करायला हवा होता, तू अर्धाच केलास. पाचातून सव्वा गेला, राहिले किती?"

तिनं बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं. "पावणेचार."

"आधी किती होती?"

"चार."

भिंतीवरची सगळी घड्याळं टिकटिकत होती, प्रत्येक आपापल्या वेळेवर.

"म्हणजे कमी झालीय?" तिनं विचारलं.

"मला काय माहीत? मी घड्याळवाला. आणि ही टेप काही डॉक्टर नाही. उद्या जाऊ, त्या मोजतील." एवढं बोलून त्यानं भिंग काढलं. भिंगाखालचा डोळा ओला झाला होता.

मग बाई हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, रडता रडता त्याला म्हणाली, "अहो, अर्ध्या इंचापायी मी मरायला निघाले होते!" आणि मला उचलून परत गळ्यात टाकलं. मी चुकले होते की ती? मी पाच दाखवले, ते खरे होते. तिनं वजा केला, ती सवय खरी होती. मग खोटं काय होतं? मला अजून उमगलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी चिमट्यासारख्या यंत्रानं गाठ मोजली. तीन पूर्णांक सहा दशांश. "छान चाललंय," त्या म्हणाल्या. पुढचे सगळे डोस झाले. ऑपरेशनही झालं आणि तेवढाच भाग काढला. मग वीस-पंचवीस दिवस दवाखान्यातल्या मोठ्या यंत्राखाली निजून किरणं घेतली. ऑपरेशनला आत नेताना बाईनं स्ट्रेचरच्या दांड्यावर हात ठेवला. मशीनचं चाक नव्हतं ना, म्हणून. ओठ हलताना मी पाहिले. "उसवायची बुद्धी दे," एवढंच ऐकू आलं. त्या दिवशी ती ते डॉक्टरीणबाईंसाठी मागत होती.

घरी आल्यावर नवऱ्यानं नवी टेप आणली. कोरी, पुरी साठ इंचांची. मी खिळ्यावर गेले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण महिनाभर जो येईल त्याचे कपडे अर्धा इंच घट्ट होऊ लागले. एका जाड्या मास्तरांची कॉलर लागेना, ते लालबुंद होऊन उभे. बाईचा हात वजा करायचं सोडेना. शेवटी तिनं कात्री घेतली, नव्या टेपचा अर्धा इंच उडवला, लाल दोरा बांधला आणि म्हणाली, "आता जमेल आपलं." नवरा कपाळावर हात मारून घेत होता.

मी तेव्हापासून तिच्या पर्समध्ये असते. तपासणीच्या दिवशी मुठीत. मोजायला नाही, नुसती धरायला. तुम्हाला एकच सांगणं आहे. अंगावर गाठ लागली तर माझ्यासारखीला विचारत बसू नका. मला माझं शून्यसुद्धा माहीत नाही. सरळ दवाखान्यात जा, आणि बरोबर कुणाला तरी न्या, भिंगवालं मिळालं तर उत्तमच.

अगंबाई, वीस झाले. एकवीस!

बाई उठली. आज तिनं मला आत नेलं नाही. नवऱ्याच्या हातात दिलं. "धरा हिला. घाबरते ती." दार बंद झालं. हा बाबा मला बोटाभोवती गुंडाळतोय, सोडतोय, पुन्हा गुंडाळतोय. त्याच्या बोटाची नाडी माझ्या अंगावर धाडधाड आपटतेय. कुणाशी बोलायचं असतं ते मला ठाऊक नाही, पण बाई ज्याच्याशी बोलते त्यालाच मी म्हटलं, बाबा रे, मी तुला कधी मोजलं नाही, पण आज असशील तर आत जा.

दार उघडलं. बाई बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. नवरा उभा राहिला.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही सापडलं. सहा महिन्यांनी या म्हणाल्या."

तो खोकला आणि त्यानं विचारलं, "वजा अर्धा?"

"नाही हो," बाई म्हणाली आणि त्याच्या हातातून मला घेऊन गळ्यात टाकलं. "पुरे सहा."