पाचचे चार

चिकनगुनिया गेला, पण अपेक्षाच्या उजव्या करंगळीत ठाण मांडून बसला. ती काही केल्या सरळ होईना. बास्केटबॉलच्या पंचाला तर बोटांवाचून गती नाही. फाउल कोणत्या नंबरच्या खेळाडूने केला ते टेबलावरच्या गुणलेखकाला बोटांनीच दाखवायचं. अपेक्षाने हे दुखणं लपवलं होतं. कारण कर्वेनगरच्या शाळेतल्या या फायनलला राज्याच्या पंच पॅनेलचे निरीक्षक बद्रीनाथ सर खुर्ची टाकून बसले होते, आणि पॅनेलवर जायची अशी संधी पुन्हा कधी येईल याचा भरवसा नव्हता.

सामना संपत आला तसा तिचा जीव थाऱ्यावर राहीना. त्यात पोरांनी ढोल आणलेला. शिट्टीसुद्धा जेमतेम ऐकू जात होती. हिरव्या संघाच्या पाच नंबरवालीने बॉल टाकणाऱ्या मुलीच्या मनगटावर फटका मारला. अपेक्षाने शिट्टी फुंकली, टेबलाकडे धावली, पंजा दाखवला, दोन फ्री थ्रो सांगितले. लगेच भोंगा वाजला. हिरव्यांची चार नंबर, पूर्वा, हिचा म्हणे पाचवा फाउल झाला, ती बाद.

पूर्वा तर तिकडे मध्यरेषेजवळ उभी होती. ती नुसती अपेक्षाकडे बघत राहिली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

अपेक्षाने आपल्या पंजाकडे पाहिलं. करंगळी उघडलीच नव्हती.

गुणलेखक सुहासिनीबाई, शाळेच्या निवृत्त पीटी टीचर, चष्मा पुसत म्हणाल्या, "माझंच चुकलं असेल गं. डोळे आता पूर्वीसारखे नाहीत."

जोडीचा पंच सुदर्शन तिच्या कानाशी लागला. बाईंना पुढच्या वर्षी तसंही बोलावणार नाहीत, टेबलची चूक म्हण आणि मोकळी हो. सुदर्शनचे सल्ले नेहमी दुसऱ्याच्या खर्चाने असतात.

अपेक्षाला आधी बाईंचाच राग आला. इतकं चांगलं वागायची काय गरज होती? मग स्वतःचा आला. बद्रीनाथ सर उठून टेबलाकडे येत होते. त्यांच्यासमोरच तिने पुन्हा हात वर केला. करंगळी दुमडलेलीच होती. डाव्या हाताने धरून तिने ती ओढून सरळ केली. डोळ्यांत पाणी आलं, पण सोडली नाही.

"बाई, तुम्ही बरोबर वाचलंत. मी चारच दाखवले. फाउल पाच नंबरचा आहे."

बद्रीनाथ सर करंगळीकडे बघत राहिले. पूर्वा परत आत आली. अपेक्षा फ्री थ्रोच्या रेषेपाशी गेली आणि बॉल हाती देण्याआधी तिने सगळ्यांना दोन बोटं दाखवली. दोन दाखवायला तिला कसलाच त्रास नव्हता.