दुमडीची पट्टी

बापाने पोराचा उजवा हात ऐरणीवर दाबून धरला आणि लाकडी मोगरीने ठोकला. पहिल्या ठोक्याला दोन बोटं मोडली, दुसऱ्याला मनगट. तिसरा आईच्या खांद्यावर बसला, कारण ती मध्ये पडली होती. शेजारच्या दुकानदारांनी जरा कान दिला आणि ते परत आपल्या कामाला लागले. त्या पत्र्याच्या कारखान्यातून ठोकाठोकी रोजच ऐकू यायची. त्यातली पत्र्यावरची कुठली आणि माणसावरची कुठली, हे विचारायच्या फंदात कोण पडतो!

पोराचा गुन्हा एवढाच, की त्याने कॉलेजात शिकलेलं घरी वापरलं. बाप बिनझाकणाच्या टाक्या करायचा. लांबी, रुंदी, उंची सारखी, आजापासून चालत आलेलं माप. कॅल्क्युलसच्या मॅडमनी नेमकं तेच गणित फळ्यावर घातलं: पाणी तेवढंच मावायचं, तर कमीत कमी पत्र्यात टाकी कशी करायची? उत्तर आलं, तळ चौरस आणि उंची त्याच्या बाजूच्या निम्मी. वीस टाक्यांमागे जवळजवळ एका टाकीचा पत्रा वाचत होता. पोरगं हरखून गेलं. बाप माल आणायला गेलेला पाहून त्याने आईला खुणा करायला बसवलं आणि बारा टाक्यांचा पत्रा कापून टाकला.

आणि दुमडीची पट्टी सोडायला विसरला. कडा एकमेकींत अडकवायला बोटभर पत्रा जास्त लागतो. फळ्यावरच्या टाकीला जोड नसतो, खऱ्या टाकीला असतो. पत्रेवाल्याच्या पोराने हे विसरावं म्हणजे माशाच्या पिल्लाने पोहणं विसरण्यासारखंच. बाराच्या बारा टाक्या भंगारात गेल्या.

"ये पंडिता," बाप म्हणाला होता, "आण तो लिहायचा हात."

मॅडम तशा बुटक्या, आवाज घोगरा, बाह्यांना कायम खडू लागलेला. वर्गात त्यांचा एकच कडक नियम होता: चूक पुसायची नाही. तिच्याभोवती गोल काढायचा, शेजारी का चुकलं ते लिहायचं आणि पुढे जायचं. चुकलं की मार, एवढंच ठाऊक असलेल्या पोराला सुरुवातीला यात काहीतरी डाव असावा असं वाटलं होतं. पुढे त्याला त्या वर्गाचं वेडच लागलं.

प्लास्टरमधला हात बघून त्यांनी सगळं विचारून घेतलं. "तुझं गणित बरोबर होतं," त्या म्हणाल्या, "अट एक राहिली. पेपर द्यायचाय ना?"

द्यायचा होताच. या पेपरात चांगले गुण पडले, तर दूरच्या शहरात इंजिनिअरिंगला जागा आणि वसतिगृह. नाहीतर जन्मभर तीच ऐरण. कॉलेजचा नियम असा, की हात मोडलेल्याला लेखनिक मिळेल, पण त्या लेखनिकाला विषय येता कामा नये.

"मला काहीच येत नाही," आई म्हणाली. "मी लिहीन."

तीन आठवडे मॅडमनी तिच्याकडून चिन्हं गिरवून घेतली. पत्र्यावर रेघा ओढून बसलेला हात तो. कागदावर काय अडखळणार?

पेपर वेगळ्या खोलीत होता, देखरेखीला मॅडम. तास झाला असेल, तोच दार धाडकन उघडलं आणि बाप आत आला. मॅडम आडव्या गेल्या. त्याने त्यांना असं ढकललं, की त्या बाकावर आपटल्या आणि कपाळ फुटलं. मग त्याने आईची वेणी मुठीत धरली.

"काम टाकून इथे चित्रं काढतेस?"

त्याने तिचं डोकं टेबलावर आपटलं. पोरगं उठलं आणि प्लास्टरचा हात त्याने बापाच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज झाला. बाप खाली बसला. पोराने पुन्हा हाणला, पुन्हा हाणला. मोडक्या मनगटातून कळ डोक्यात जात होती, तरी त्याला बरं वाटत होतं. इतकं बरं त्याला कधीच वाटलं नव्हतं. आता याला संपवायचाच, असं ठरवून त्याने चौथ्यांदा हात उगारला.

"बस," आई म्हणाली. तिच्या भुवईतून रक्त गळत होतं. "वेळ चाललाय. पुढचं सांग."

कॉलेजच्या पहारेकऱ्यांनी बापाला ओढत नेलं. मॅडमनी कपाळाला रुमाल धरला आणि घड्याळ बघून पाच मिनिटं वाढवून दिली. पोरगं धापा टाकत सांगत राहिलं, आई लिहीत राहिली.

पेपर देऊन दोघं बाहेर पायरीवर बसली. आईने बराच वेळ पदराने भुवई दाबून धरली होती.

"त्या दिवशी तू पट्टी सोडली नव्हतीस," ती म्हणाली, "ते मला खुणा करतानाच दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"पत्रा वाया गेला, की तो तुझं कॉलेज बंद करेल असं वाटलं. तू घरी राहिला असतास. तू असलास की मला फटके कमी पडतात रे. तो तुझा हात मोडेल असं नव्हतं वाटलं."

पोराला तिचा असा राग आला, की डावी मूठ आपोआप वळली. तिने ती पाहिली आणि सवयीने मान खाली घातली. त्याने मूठ उघडली. उघडायला त्याला फार वेळ लागला.

"आज मी एक अक्षर चुकवलं नाही," मान वर न करता आई म्हणाली. "तू जा."