इंग्रजीत थोडक्यात

"'ही चळवळ १९६२ साली संपली,'" लॉरेटानं पुस्तकातलं वाक्य वाचलं आणि बोट पानावर ठेवूनच मान वर केली. "पान एकशे चौदा. आणि आज सकाळी मी मोजलं, आजोबा. बासष्ट माणसं बसली होती समुद्राच्या काठावर. त्यात तुम्हीही होतात."

नथानिएल छपरासाठी सागोच्या पानांची झड शिवत होता. त्यानं सुई ओढून घेतली आणि टाका घट्ट केला.

"मांजर धरलंस का?" आतून त्याच्या बायकोनं, एडिथनं विचारलं. "आमचं मांजरही येतं रोज. त्रेसष्ट होतील."

लॉरेटा हसली आणि वहीत काहीतरी लिहू लागली.

"अगं, मांजर नको लिहूस," एडिथ दारात येऊन म्हणाली. "पुढच्या वर्षी दुसरा कुणीतरी येईल आणि हे लोक मांजराला देव मानतात का म्हणून विचारत बसेल."

लॉरेटा सुव्याच्या विद्यापीठातून आली होती. लहान लहान, कुणाच्या खिजगणतीत नसलेले पंथ हा तिचा अभ्यासाचा विषय. ती वाढली राजधानीत, होनियारात, त्यामुळे बाजारातली पिजिन बोली आणि इंग्रजी दोन्ही तिच्या तोंडात, पण या हौरावा गावाची भाषा तिला येत नव्हती. गावानं तिला नथानिएलच्या घरी उतरवलं, कारण इंग्रजी बोलणारा म्हातारा एकच होता.

काठावर बसायची रीत हौरावात दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून होती. उजाडायच्या सुमाराला यायचं, समुद्राकडे तोंड करून बसायचं, सूर्य हातभर वर आला की उठून आपापल्या मळ्यात जायचं. गाणं नाही, प्रवचन नाही. रविवारी हीच माणसं नंतर मिशनच्या चर्चमध्येही जात. सुरुवात केली केझिया नावाच्या बाईनं. इंग्रजांच्या राज्यात या लोकांनी डोईपट्टी द्यायचं नाकारलं, तेव्हापासून सरकारच्या लेखी ती 'चळवळ' झाली.

"पुस्तक चुकलं असेल," नथानिएल म्हणाला.

"प्रेविट चुकणारा माणूस नव्हता. आम्हाला वर्गात शिकवतात त्याचं पुस्तक. चार महिने इथं राहिला, एका छपराला झावळ्या किती लागतात तेसुद्धा लिहिलंय." ती थांबली. "आणि हेच पान फेस्टसकाकांनी पंचांकडे दिलंय. तुम्ही पाहिलंत?"

त्यानं पाहिलं होतं. फेस्टस पलीकडच्या कुळातला. लाकूड कंपनीला ओंडके उतरवायला सपाट किनारा हवा होता, आणि काठावरच्या लोकांच्या जागेइतका सपाट किनारा दुसरा नव्हता. पूजेची, पूर्वजांची जागा असेल तर तिला हात लावता येत नाही. पण पंथच पन्नास वर्षांपूर्वी संपला असेल, तर ती नुसती वाळू. मंगळवारी पंच बसणार होते.

"जेवून घे," नथानिएल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो तिला रताळ्याच्या मळ्यात घेऊन गेला. वेल बाजूला करून त्यानं बसायला जागा केली, सुपारी फोडली, चुन्याची डबी काढली, पण चघळायला तोंडात काही टाकलं नाही.

"त्या पुस्तकात दुभाषा म्हणून कुणी आहे?"

"आहे. 'माझा दुभाषा, मिशन शाळेतला एक हुशार तरुण.' नाव नाही."

"तो मी."

लॉरेटानं वही उघडली, मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मिटली.

"एकोणीस वर्षांचा होतो. प्रेविट साहेब चांगला माणूस. आमच्याबरोबर कंद खायचा, आजारी पोरांना गोळ्या द्यायचा. पण जायच्या आधी त्याला सगळं लिहून जिल्हा अधिकाऱ्याला दाखवायचं होतं, त्या अटीवरच राहायला मिळालं होतं त्याला. अधिकाऱ्यानं आमचे चार जण नेले होते दगड फोडायला. केझियाचा भाऊ त्यात होता. पुन्हा जमाव दिसला तर घर जाळीन, असं अधिकारी सांगून गेला होता. शेवटच्या दिवशी त्याची बोट समोर खाडीत उभी. आणि साहेबानं केझियाला विचारलं, तुम्ही अजून बसता का?"

"मग?"

"ती पुष्कळ बोलली. बोलतच राहिली. आणि मी साहेबाला सांगितलं, नाही साहेब, आम्ही सोडून दिलंय, संपलं ते."

मळ्याच्या कडेला कुणाचं तरी डुक्कर मुळं उकरत होतं. नथानिएलनं ढेकूळ फेकून त्याला हाकललं.

"केझियाला कळलं नाही?"

"तिला इंग्रजी कुठलं? तिनं मला विचारलं, मी एवढं बोलले, तू एवढंसंच कसं सांगितलंस? मी म्हटलं, मावशी, इंग्रजीत थोडक्यात होतं." तो ओशाळून हसला. "तिचा विश्वास बसला. पुढं कित्येक वर्षं लोकांना मी म्हणत राहिलो, सध्या घोळक्यानं बसू नका, दोघं-दोघं आपापल्या मळ्यात बसा. पोलीस आले नाहीत. चौघे सुटले. इंग्रज गेले तसे आम्ही परत काठावर आलो."

"म्हणजे तुम्ही वाचवलंत त्यांना."

"तसं म्हणता येईल. पण ती 'बसू' म्हणाली आणि मी तिच्या तोंडी 'सोडलं' घातलं. ती गेली तेव्हाही मी सांगितलं नाही. एडिथलासुद्धा नाही."

लॉरेटानं गवताची काडी मोडली.

"आजोबा, एक सांगायचंय. प्रेविटकडे टेपरेकॉर्डर होता."

"होता ना. बैलाच्या डोक्याएवढा. मीच वाहायचो तो."

"प्रेविट वारल्यावर त्याच्या मुलीनं टेपा ऑस्ट्रेलियातल्या एका ग्रंथालयाला दिल्या. मी नकला करून आणल्यात. त्या शेवटच्या दिवसाचीही आहे. मला तुमची भाषा येत नाही, म्हणून मी फक्त इंग्रजी ऐकत गेले. त्या बाईचं बोलणं मी दर वेळी पुढे ढकलायची."

नथानिएलच्या हातातली सुपारी तशीच राहिली. "आहे ती? आत्ता, तुझ्याजवळ?"

"लावू?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. "एकट्यानं नाही ऐकायची. पंचांपुढे लाव."

संध्याकाळी तो रोझमेरीकडे गेला. रोझमेरी केझियाची नात, आता पन्नाशीची. काठावर सगळ्यांच्या आधी तीच येऊन बसायची. ती नारळ खवत होती. त्यानं उभ्याउभ्या सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. खवणीचा आवाज मध्ये एकदाच थांबला.

"सभेत सांगणार, काका?"

"हो."

"मग तिथंच ऐकेन," ती म्हणाली, आणि दुसरी वाटी घेतली.

घरी एडिथला सांगायला त्याला जास्त वेळ लागला. ऐकून ती म्हणाली, "तरीच. लग्न झाल्यापासून बघतेय, उजाडायला उठतोस, सगळ्यांच्या मागे जाऊन बसतोस. मला वाटायचं तुला पाठ टेकायला झाड लागतं."

मंगळवारी पंचांच्या घरात माणसं मावली नाहीत. निम्मी बाहेर, कुडाला कान लावून. पंच तिघं. मधला अमोस, डोळ्यांनी अधू पण कानांनी तिखट. फेस्टसनं पुस्तकाचं पान वाचून दाखवलं, सावकाश, आदरानं.

"हे मी नाही म्हणत," तो म्हणाला. "शिकलेल्या माणसानं लिहिलंय. इथं राहून, यांना विचारून लिहिलंय. यांच्याच तोंडचं आहे. आता जागा हवीशी झाली म्हणून धर्म पुन्हा आठवला, असं कसं चालेल?"

काही माणसांनी माना डोलावल्या. रोझमेरी हात मांडीवर ठेवून बसली होती.

नथानिएल उठला. मळ्यात जे सांगितलं होतं तेच त्यानं सांगितलं, पण थोडक्यात. लोकांत कुजबुज झाली, मग ती वाढली. मागून एक म्हातारी म्हणाली, "माझा बाप दगड फोडत होता तिथं." ती रागानं म्हणाली की कशानं, कळलं नाही.

"म्हणजे तू खोटं बोललास," अमोसनं विचारलं.

"हो."

"एवढी वर्षं गप्प राहिलास."

"हो."

फेस्टसला हे आयतंच मिळालं. "पंच, ऐकलंत ना. माणूस स्वतःच सांगतोय की मी खोटारडा आहे. तेव्हा साहेबापुढं खोटं, आता तुमच्यापुढं खरं, हे कशावरून?"

"माझ्यावर नका ठेवू विश्वास," नथानिएल म्हणाला. "तिचं ऐका."

लॉरेटानं छोटा स्पीकर अमोसच्या समोर चटईवर ठेवला. आधी खरखर आली, मग कोंबडा आरवला, कुठलं तरी मूल रडलं. मग परक्या वळणाच्या इंग्रजीत एका माणसानं प्रश्न विचारला, आणि मग केझिया बोलू लागली.

ती जाऊन तेवीस वर्षं झाली होती. तरुणांनी तिला पाहिलंच नव्हतं, आणि ज्यांनी पाहिलं होतं त्यांना आठवत होती ती दात पडलेली, पुटपुटणारी. हा आवाज धट्ट्याकट्ट्या बाईचा होता. बाहेर कुडाला टेकलेली माणसं दारात येऊन उभी राहिली. सूर्य उगवत राहील तोवर आम्ही बसू, केझिया म्हणत होती, त्या बोटवाल्याला सांग, घर जाळलं तर वाळूवर बसू, वाळू जळत नाही. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. ती बोलत राहिली. मग ती थांबली, आणि एका पोरानं घाईघाईनं म्हटलं, नाही साहेब, आम्ही सोडून दिलंय, संपलं ते.

इंग्रजी कळणाऱ्यांनी न कळणाऱ्यांना कानात सांगितलं. नथानिएल उभाच होता. बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

अमोसनं स्पीकर चाचपला, जणू त्यात अजून काही उरलंय का ते बघत. "माझ्या आईची चुलत बहीण ती," तो म्हणाला. "तिचा आवाज मी ओळखतो. फेस्टस, तू ओळखतोस का?"

फेस्टसनं हातातलं पुस्तक मिटलं. "ओळखतो," तो म्हणाला.

दोन आठवड्यांनी निकाल आला. किनारा जसा होता तसाच राहणार होता. फेस्टसनं कंपनीला गावाच्या उत्तरेची खडकाळ जागा दाखवली, पण कंपनीवाले तिथं आले नाहीत. वाटेत नथानिएल भेटला तेव्हा तो म्हणाला, "साहेबाला फसवलंस ते ठीक. पण माझा त्या पुस्तकावर एवढा विश्वास बसला होता." नथानिएलनं त्याला सुपारी दिली, आणि ती त्यानं घेतली.

रोझमेरी मात्र काही बोलली नव्हती. सकाळी काठावर यायची, बसायची, उठून जायची.

लॉरेटाचं जहाज शनिवारचं होतं. शुक्रवारी ओसरीवर बसून तिनं त्या टेपचं भाषांतर नथानिएलकडून पुन्हा करून घेतलं, वाक्य वाक्य थांबवत. एकोणपन्नास वर्षांपूर्वी त्यानं जे सहा-सात शब्दांत उरकलं होतं, त्याला तिच्या वहीची तीन पानं लागली. तो घाई करत नव्हता. एखादा शब्द अडला की काठीनं जमिनीवर रेघा ओढत बसायचा.

रोझमेरी केळीच्या पानात भाजलेला मासा घेऊन आली तेव्हा ते शेवटच्या भागाशी आले होते. ती परत निघाली नाही. पायरीवर बसली.

"इथं ती साहेबाच्या आधीच्या प्रश्नाकडे वळते, तुम्ही कशाची वाट पाहता," नथानिएल म्हणाला. "सगळे हेच विचारायचे. जहाज येणार का, माल येणार का. आता ती काय म्हणते ते लिही."

त्यानं केझियाचं म्हणणं सांगितलं. माझा मुलगा लढाईत हमालीला नेला, तो आला नाही. पहिलं वर्ष मी त्याची वाट पाहिली. मग कळलं, नाही येत. पण पाय सकाळी इकडेच वळायचे. एकटी बाई समुद्राकडे बघत बसली की लोक वेडी म्हणतात. मग शेजारीण येऊन बसली, तिचाही गेला होता. मग तिची सासू आली. चाळीस जण बसले की कुणी वेडं म्हणत नाही. साहेबाला सांग, आम्ही वाट नाही पाहत. आम्ही एकमेकांना सोबत करतो.

लॉरेटाचं पेन बराच वेळ चालत राहिलं. मग तिनं लिहिलेलं वाचून दाखवलं. एका शब्दाशी नथानिएलनं तिला थांबवलं, तो खोडायला लावला आणि दुसरा सांगितला.

"आणि टिपेत काय लिहू?" तिनं विचारलं. "चूक कुणाची?"

"दुभाष्याची. नाव घाल. नथानिएल वारोहा. त्या पुस्तकात राहून गेलंय."

रोझमेरीनं विचारलं, "एकदा परत ऐकू का? शेवटचं?"

लॉरेटानं लावलं. केझिया बोलली, तशीच न थांबता, आणि मग तिचा श्वास ऐकू आला. आता तो पोरगा बोलणार, म्हणून लॉरेटानं घाईघाईनं बोट पुढे केलं.

"राहू दे," रोझमेरी म्हणाली.

नाही साहेब, पोरगा म्हणाला, आम्ही सोडून दिलंय.

"आवाज बघ कसा कापतोय त्याचा," रोझमेरी म्हणाली, आणि माशावरचं केळीचं पान उलगडून तिनं पहिला तुकडा नथानिएलच्या पुढे सरकवला.