घासलेले टम्बलर

परवावर आलेल्या आईच्या वर्षश्राद्धाला नातेवाइकांना द्यायच्या टम्बलरवर देविका आईचा फोटो छापून घेत होती. पण दादरच्या दुकानात तिसऱ्या टम्बलरवरही चेहरा पुसटच उमटला.

छपाई करणाऱ्या तेजस्वीने मशिनचं तापमान तपासलं, कागद बदलला, मग विचारलं, “ताई, घरी नेऊन टम्बलरना काही केलंत का?”

“नवीन भांडी ना, काथ्याने घासून आणली.”

“अहो, मग वरचा लेपच गेला! रंग त्यावरच धरतो. सगळी घासलीत?”

“नाही, पाचच. हात भरून आला.”

तेजस्वीने न घासलेला टम्बलर मशिनमध्ये घातला. कागद सोलला तशी आई गालावरच्या खळीसकट स्वच्छ हसली.

“खोडकर दिसतात हो काकू!”

“होतीच,” म्हणत देविका हुश्श करून स्टुलावर टेकली.