जंगलात हळू बोलावे

"मातकट रंगाचे कपडे घालायचे, अत्तर लावायचं नाही, प्लॅस्टिक न्यायचं नाही." मुलगी फोनमधून अभयारण्याचे नियम वाचून दाखवत होती. पुढच्या नियमापाशी ती अडखळली आणि तो तिने जरा घाईनेच उरकला. गाडीत आणि पायवाटेवर कुजबुजण्यापलीकडे आवाज करू नये. केल्यास वनरक्षक सगळ्या गटाला माघारी आणतील.

टेबलावर नकाशा पसरून बसलेले तिचे वडील "हो" म्हणाले. ते "हो" रस्त्यापलीकडच्या घरातही पोचलं असणार.

गल्लीत त्यांना भोंगाकाका म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं. एकतीस वर्षं त्यांनी कापडाच्या शेडमध्ये माग चालवले. शंभर माग एकदम खडखडायला लागले की दुसऱ्याचं बोलणं तर सोडाच, स्वतःचा खोकलाही ऐकू येत नसे. त्या खडखडाटाने त्यांचे कान अर्धे नेले आणि आवाज दुप्पट करून दिला. दवाखान्यात ते पोटाची तक्रार सांगू लागले, की बाहेरच्या बाकावरची मंडळी माना खाली घालत.

जंगलाचं खूळ त्यांचंच. सगळी हयात पत्र्याखाली गेली, आता एकदा झाडांखालून चालायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. दोन महिने ते गाड्यांच्या वेळा आणि नकाशे जमवत होते. जुने बूट शिवून आणले होते. मुलगी, जावई आणि ही दोघं नवरा-बायको, अशा चार जागा. बुकिंग आज पाचला बंद होणार होतं.

"बाबा, एकदा कुजबुजून दाखवता?" मुलीने विचारलं.

काकांनी घसा खाकरला, मान खाली घातली आणि जमेल तितक्या हळू म्हणाले, "हरणं दिसतील का?"

"नशिबात असतील तर दिसतील, काका," भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली.

मुलगी हसली नाही. अनोळखी माणसांसमोर खाली मान घालून परतायची पाळी येणार, हे तिच्या चेहऱ्यावर काकांना स्पष्ट दिसलं.

"तुम्ही तिघं जा," ते म्हणाले. "माझे गुडघे दुखतात हल्ली."

"खरंच?" तिने एकदाच विचारलं आणि तीन नावं भरायला घेतली. काका नकाशाची घडी घालू लागले, पण ती काही केल्या नीट बसेना. त्यांना फार वाईट वाटलं, अगदी लहान मुलासारखं. पण तिचं चुकलं असंही म्हणता येत नव्हतं.

वर पाहिलं तर स्वयंपाकघराच्या दारात बायको हात पुसत उभी. तीही त्याच शेडमधली, समोरच्या रांगेतली. तिथे कुणी ओरडायच्या फंदात पडत नसे. सगळे ओठांनी आणि बोटांनी बोलत. भांडणं, चेष्टा, कुणी गेल्याची बातमी, सगळं तसंच. दोघांनी लग्नही तसंच ठरवलं होतं, मध्ये चार माग ठेवून. पुढे शेड बंद पडली, माणसं पांगली. ती बोली जाणणारी गावात आता ही दोघंच उरली होती.

बायकोने ओठ हलवले. गुडघे कधीपासून दुखतात?

आत्तापासून, काकांनी ओठांनीच सांगितलं.

मग माझेही दुखतात.

तू जा. मी आलो तर सगळ्यांना परत यावं लागेल.

तिने दोन बोटं मनगटावर आपटली. शेडमध्ये त्याचा अर्थ होता, पुरे झाला शहाणपणा, कामाला लागा.

घर एवढं शांत कसं, म्हणून मुलीने मान वर केली. आईवडील दहा पावलांवरून कडाक्याचं भांडत होते आणि आवाज कसलाच नव्हता. लहानपणापासून हे तिच्या डोळ्यांसमोर चाललेलं होतं, पण तिने कधी लक्ष दिलं नव्हतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने चौथं नाव भरलं, फोन पालथा ठेवला आणि वडिलांसमोर येऊन उभी राहिली.

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मग आवाज न काढता, ओठ मोठमोठे हलवत ती म्हणाली, बाबा, चुकलं माझं.

काकांनी बायकोकडे पाहिलं. नवखी आहे, फार तोंड वेंगाडते, ते ओठांनीच म्हणाले. बायकोला हसू आलं. काय म्हणाले ते न कळून मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघू लागली.

काका तिच्याकडे वळले. शेडमध्ये नव्या माणसाशी बोलत तसं, एकेक अक्षर सावकाश सोडत, त्यांनी तिला एकच शब्द सांगितला. पहिल्या वेळी तिला तो वाचता आला नाही. त्यांनी पुन्हा सांगितला, तेव्हा तिला तो वाचता आला.

कळलं.