काटेबाईंचा फिल्टर

कारखान्या-कारखान्यांतून फिरून ट्रक तोलायचे वजनकाटे तपासणं हे तिचं काम. महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर जायचे. ती जीपमधून उतरली की ड्रायव्हर मंडळी म्हणायची, "आल्या काटेबाई! आता खरं-खोटं होणार." हे नाव घरापर्यंत पोचलं होतं. नवरा खुशीत असला की तिला काटेबाई म्हणायचा.

त्या वर्षी तिला दुसऱ्यांदा टायफॉइड झाला. पहिल्या खेपेला कुणी फार मनावर घेतलं नव्हतं. या खेपेला दवाखान्यातून घरी आली तेव्हा चप्पल घालायला वाकली तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "बाहेरचं पाणी बाधलंय. फिरायचं असेल तर पाण्याची स्वतःची सोय ठेवा."

इतकं साधं सांगणं, पण घरात ते कुणाच्या कानात शिरलंच नाही. सासूबाई उशाशी बसून म्हणाल्या, "अगं, सोड आता ती वणवण. जीव मोठा की नोकरी?"

"आई, भाऊजींना कावीळ झाली तेव्हा त्यांना सांगितलंत का सोडायला?"

"त्याची गोष्ट वेगळी."

"काय वेगळी? ते रंगाचे डबे विकत फिरतात, मी काटे तपासत फिरते. पाणी दोघं तेच पितो."

सासूबाईंनी तिचं पांघरूण उगाच सारखं केलं. "ताप उतरू दे, मग बोलू."

ताप उतरला, अंगात थोडी ताकद आली आणि ती कामावर गेली. साहेब हसतमुखाने सामोरे आले. "या, या! तुमच्या टेबलाची सोय केलीय. अगदी खिडकीजवळ."

"कसलं टेबल?"

"तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता ना. म्हणाले, तब्येतीमुळे आता फिरती नको. आम्हाला वाटलं, तुमचं बोलणं झालं असेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरच्या कपाटातली, तपासलेल्या काट्याला सील मारायची तिची पक्कड जागेवर नव्हती. ती दुसऱ्या कुणाला देऊनही झाली होती.

"साहेब, उद्या तुमच्या मिसेसनी वर फोन करून सांगितलं, यांना घरी बसवा, तर तुम्ही घरी बसाल?"

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. "तसं नव्हे हो. पण पुन्हा आजारी पडलात तर आमच्यावर येईल. पाण्याची काहीतरी पक्की सोय करा, मग बघू."

घरी आल्या आल्या तिने पर्स खुर्चीवर टाकली. "तू साहेबांना फोन केलास?"

नवरा पेपर खाली ठेवत म्हणाला, "तुझ्या भल्यासाठीच केला."

"भलं माझं, नोकरी माझी, आणि बोलणी तुमची दोघांची? पाणी घाण, म्हणून माणूस बदलायचं? रोग रेड्याला न् औषध पखालीला! इतके दिवस मी अंथरुणावर होते, एकदा तरी विचारायचंस!"

"दवाखान्यात तुझ्या शेजारी मी बसलो होतो," तो म्हणाला. "तू तापात काहीबाही बडबडत होतीस. मला ओळखत नव्हतीस. मला ते पुन्हा नाही बघायचं."

ती खुर्चीवरची पर्स उचलून तिथे टेकली. राग मात्र कमी झाला नाही. "घाबरला होतास तर मला सांगायचं. साहेबांना नाही."

दुसऱ्या दिवशी ती प्रवासाच्या सामानाच्या दुकानात निघाली, तर तो न बोलता बरोबर आला. अंथरुणावर पडल्या पडल्या तिने फिल्टरांबद्दल मिळेल ते वाचून काढलं होतं. दुकानदाराने मात्र तिच्याकडे पाहिलंही नाही. नवऱ्यापुढे एक गुलाबी बाटली ठेवून तो म्हणाला, "सर, मॅडमसाठी ही न्या. पर्समध्ये मावते."

"हिच्या आत काय आहे?" तिने विचारलं.

"कार्बन. नव्व्याण्णव टक्के शुद्ध पाणी, सर."

"नव्व्याण्णव टक्के काय जातं? वास की जंतू?"

"सर, कंपनी फार चांगली आहे."

"माझ्याकडे काय बघता?" नवरा एकदम म्हणाला. "पाणी त्या पिणार आहेत. त्यांच्याशी बोला."

तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं. दुकानदार वरमला.

"नुसत्या कार्बनने वास जातो, चव सुधारते," ती म्हणाली. "टायफॉइडचे जंतू त्याने अडतील असा भरवसा नाही. याची तपासणी कुणी केलीय?"

"डब्यावर छापलंय की, मॅडम."

"अहो, काट्यावर 'अचूक वजन' असं प्रत्येक मालक रंगवून घेतो. म्हणून काटा अचूक होतो? मग मला पगार कशाला देतात?"

मग त्याने किरणांनी जंतू मारणारी एक कांडी काढली. कांडीला आधीच गाळ नसलेलं पाणी लागतं, शिवाय चार्जिंग. तिच्या वाटेवर दोन्हींचा दुष्काळ. शेवटी मागच्या फळीवरून एक मळकट निळी पिशवी आली. पिशवीत पाणी भरायचं आणि पिळून बारीक नळ्यांच्या फिल्टरमधून काढायचं. आतल्या कागदावर प्रयोगशाळेचा अहवाल होता. जंतू अडतात, विषाणू अडत नाहीत, असं त्यात सरळ लिहिलं होतं.

"हा द्या," ती म्हणाली. "काय जमत नाही तेही सांगतोय. आणि विषाणूंसाठी क्लोरीनच्या गोळ्या द्या."

"दिसायला काही खास नाही हो, मॅडम."

"मला लग्नात मिरवायचा नाहीये."

नवऱ्याला हसू आलं, पण तिने साथ दिली नाही. घरी येऊन फोन त्याच्या हातात दिला. "लाव. स्पीकरवर."

त्याने लावला. "साहेब, मी तिला न विचारता फोन केला होता. तो माझा अधिकार नव्हता. कुठलं काम करायचं ते तीच सांगेल."

पलीकडून खाकरण्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "बरं. सोमवारी पक्कड घेऊन जायला सांगा."

"सांगा काय? मी इथेच आहे," ती म्हणाली.

सोमवारी ती एका खडीच्या कारखान्यावर पोचली. काट्यापुढे ट्रकांची रांग लागलेली. तिने तिथल्या टाकीचं पाणी आधी फडक्याने गाळलं, पिशवीत भरलं आणि पिळायला लागली. मनगटं भरून आली. मग गोळी टाकून बाटली बाजूला ठेवली.

मॅनेजर नाक मुरडत म्हणाला, "आमचं पाणी सगळे पितात, बाई. कुणाला काही होत नाही."

तिने फडकं त्याच्यापुढे उलगडलं. त्यावर तपकिरी गाळ आणि एका किड्याचे पाय होते. आपल्यापुरतं पाणी मिळाल्याचं समाधान तिला कुठेच सापडेना. ही माणसं रोज हेच पीत होती!

"टाकी शेवटची कधी धुतली?"

मागे ड्रायव्हर गोळा झाले होते. एक म्हातारा ड्रायव्हर पुढे आला, फडकं पाहिलं आणि हातातला पाण्याचा पेला जमिनीवर ओतला. "गेल्या महिन्यात माझा क्लीनर काय उगाच दवाखान्यात होता?" तो मॅनेजरवर ओरडला. बाकीचेही बोलायला लागले.

"काटा माझं काम आहे, तो मी तपासते," काटेबाई म्हणाल्या. "टाकी तुमचं काम आहे."

एवढं बोलून त्या वळल्या आणि काट्यावर प्रमाण वजनं चढवू लागल्या. मॅनेजरने थोडा वेळ इकडेतिकडे पाहिलं आणि मग शिडी आणायला माणूस पाठवला. टाकीच्या तळाची तोटी उघडली तसं काळं पाणी भसाभसा बाहेर पडलं. त्याचा वास काट्यापर्यंत आला, तेव्हा मॅनेजरनेच आधी नाकाला रुमाल लावला.