फॉक्स रनची यादी

"आमचा नंबर कितवा?"

हा प्रश्न फॉक्स रन या पोहण्याच्या क्लबच्या फाटकावर कुणी म्हणजे कुणीच विचारत नाही. सभासद होण्यासाठी यादीत नाव घालायचं आणि दहा-बारा वर्षं तोंड मिटून वाट बघायची, ही बेथेस्डा उपनगरातली रीत. पण पेटन आणि लिव्ह या मैत्रिणींनी जोसीला डिवचलं होतं, "तुझी नाही छाती व्हायची." आणि जोसी हॅलोरन नुकतीच शाळेची वादविवाद स्पर्धा जिंकून आलेली. तिनं थेट क्लबच्या कचेरीची खिडकी गाठली.

खरं सांगायचं तर ते डिवचणं हे निमित्त. सातव्या वर्षापासून जोसी पेटनच्या पाहुणे-पासवर पोहायला येत होती. दोघींची घरं एका गल्लीत, दोघींचे वडील एकाच मेट्रोनं वॉशिंग्टनला कामाला जाणारे, हिरवळही सारखीच कापलेली. तरी पेटन क्लबच्या टीमचा निळा स्विमसूट घालून मिरवायची, नुसता घरचा सभासद नंबर सांगून फ्राईज मागवायची, आणि जोसीच्या मनगटावर 'पाहुणी' असा शिक्का. तो शिक्का साबणानं जायचा, पण मनातली जळजळ सप्टेंबरात पूल बंद होईपर्यंत जायची नाही.

मिसेस डनलेव्ही क्लबची यादी सांभाळायच्या. त्यांनी चष्मा सारखा केला, पानं उलटली, परत उलटली.

"हॅलोरन ना? तुमचं नाव तीन वर्षांपूर्वीच कमी झालंय गं. यादीत राहायचंय म्हणून दर मार्चला सही करून पाठवायचं कार्ड परत आलं नाही."

लिव्ह चपलेकडे बघत राहिली. पेटननं मात्र जोसीच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे गं. माझ्या पासवर येत जा की, नेहमीसारखी."

त्या 'नेहमीसारखी'नं जोसीच्या अंगाचा तिळपापड झाला. टोमणा असता तर तिनं परतवला असता, पण पेटन मनापासून बोलली होती. जोसीनं नजर वळवली ती पाण्याकाठच्या उंच पांढऱ्या खुर्चीवर गेली. खुर्ची रिकामी होती. शेजारी पाटी: जीवरक्षक पाहिजेत, वय सोळा पूर्ण.

मग तिनं दुसरा प्रश्न विचारला. हा विचारायला कुणी डिवचलं नव्हतं.

"तिथं बसायला मेंबर असावं लागतं?"

"तिथं?" मिसेस डनलेव्ही हसल्या. "तिथं पोहता आलं म्हणजे झालं."

संध्याकाळी डॅड अंगणात सामन मासा भाजत होते. कार्डाचं ऐकून त्यांचा चिमटा हातातच राहिला. घरं विकणाऱ्या एजंटांची पत्रकं ते रोज गठ्ठ्यानं केराच्या डब्यात टाकायचे. त्या गठ्ठ्यात ते कार्डही गेलं असणार. मॉमनं त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्यांनी मासा दोनदा उलटला. मग ती म्हणाली, क्लबच्या कमिटीत तिच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, उद्याच शब्द टाकते. नाहीतर नाव नव्यानं घालू. जोसीनं मनात हिशेब केला. नंबर लागेपर्यंत ती अठ्ठावीस वर्षांची झाली असती.

तिनं काटा खाली ठेवला.

"शब्द टाकू नकोस मॉम, आणि डॅड, तुम्ही नावही घालू नका. मी तिथं जीवरक्षक म्हणून लागतेय. शनिवारपासून ट्रेनिंग, अर्जावर तुमची सही लागेल, आणि या वेळी तो कागद मी स्वतः नेऊन देणार आहे. पेटन नेहमी नियम मोडून काठावरून पळते. उन्हाळ्यातली पहिली शिट्टी तिच्यासाठीच."